कडेवरचं मूल आणि माथेरान

घरात दोन-तीन वर्षांचं मूल असलं, की सहलीला जावं कुठे आणि ती खिशाला झेपावी कशी, यावर आज थोडं बोलायचं आहे. मी राहतो उल्हासनगरला, कॅम्प एकमध्ये. आमच्याकडे सहलीची गोष्ट निघते ती बहुधा पगाराच्या आठवड्यात, आणि पंधरा तारखेपर्यंत विरून जाते. कुणी महाबळेश्वर म्हणतं, कुणी अलिबाग, एखादा धाडसी गोव्याचं नाव काढतो. मग घरातली म्हातारी माणसं म्हणतात, ‘एवढ्याशा लेकराला घेऊन कुठे फिरता? मोठं होऊ द्या, मग जा.’ मूल मोठं होतं, शाळेत जातं, शाळेच्या सुट्ट्या आणि आपली रजा यांचा मेळ बसत नाही, आणि सहल राहूनच जाते.

माझं म्हणणं या म्हाताऱ्या माणसांच्या उलट आहे. मीही आता त्यांच्यातच जमा आहे, तरीही. मूल कडेवर आहे, तोवरच स्वस्तात फिरून घ्यावं. एक तर रेल्वेत पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही. लॉजवाला त्याच्यासाठी वेगळी खाट मांडत नाही. पण याहून मोठी सवलत वेगळीच आहे, आणि ती आपल्या लक्षात येत नाही. या मुलाला शाळा नाही. शाळा नाही म्हणजे मे महिन्याची सक्ती नाही, दिवाळीच्या सुटीची सक्ती नाही, शनिवार-रविवारचीही नाही. थंड हवेच्या ठिकाणी खोलीचं भाडं ठरतं ते गर्दीवर. मे महिन्यातल्या शनिवारी जी खोली परवडत नाही, तीच नोव्हेंबरातल्या मंगळवारी घासाघीस करून मिळते. आमच्या उल्हासनगरात दुकानांत आणि शिलाई कारखान्यांत काम करणारी पुष्कळ माणसं अशी आहेत, की त्यांची सुटी रविवारी नसतेच. एरवी ते त्याबद्दल कुरकुरतात. सहलीच्या बाबतीत मात्र त्यांच्या हातात हुकमाचं पान आहे.

आता ठिकाण. मोठी माणसं ठिकाण निवडतात ते तिथे काय पाहण्यासारखं आहे यावर. दोन वर्षांच्या मुलाला सूर्यास्त दाखवून पाहा. आमच्यासारख्या कविता लिहिणाऱ्यांना त्या तांबड्या आभाळापुढे काय करावं आणि काय नको असं होतं. मूल त्याच वेळी पायाखालच्या मुंगळ्याकडे बघत असतं. त्याला दरी कळत नाही, किल्ला कळत नाही. त्याला घोडा कळतो, माती कळते, गाडीची शिट्टी कळते. आणि सगळ्यात जास्त कळतं ते हे, की आपला हात कुणी धरून ठेवला आहे की सोडला आहे.

आमच्या गल्लीत मुलाचा हात सोडता येत नाही. उल्हासनगर मुळात वसलं ते दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या जागेवर. १९४७ नंतर सिंधमधून आलेली निर्वासित कुटुंबं या बरॅकींमध्ये राहिली आणि १९४९ मध्ये या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळालं. बरॅकींच्या मधल्या ज्या वाटांवरून तेव्हा माणसं चालायची, तिथून आज रिक्षा, टेम्पो आणि मोटारसायकली एकमेकींना घासून जातात. घराचा उंबरठा संपतो तिथे रहदारी सुरू होते. अंबरनाथ-बदलापूरच्या नव्या इमारतींतली परिस्थितीही फार वेगळी नाही. म्हणून मी लोकांना सांगतो, लहान मूल घेऊन जायचं तर अशा जागी जा, जिथे त्याचा हात सोडता येईल. बाकी सगळं त्यानंतर.

ही कसोटी लावली की बरीच नावं आपोआप गळतात. महाबळेश्वरला कल्याणहून एसटीने सात-आठ तास लागतात, आणि वाई सोडल्यावर पसरणीच्या घाटात मूल ओकू लागलं की त्याच्या आईची सहल तिथेच संपते. अलिबागला जायचं म्हणजे आधी लोकल, मग टॅक्सी, मग गेटवेची लाँच, मग मांडव्याहून बस. प्रत्येक ठिकाणी सामान चढवा, मूल उतरवा. लोणावळा जवळ आहे, पण सुटीच्या दिवशी तिथल्या रस्त्यावर उभं राहिलं की वाटतं, आपण कॅम्प तीनच्या बाजारातच आहोत, फक्त हवा थोडी गार आहे. आमच्या भागातली जुनी सहल म्हणजे हाजी मलंगची. माघ पौर्णिमेला सगळ्या जातीधर्मांची माणसं मुलांना खांद्यावर घेऊन तो डोंगर चढत आली आहेत. पण तिथे माणूस जातो तो श्रद्धेने, विश्रांतीसाठी नव्हे, आणि त्या पायऱ्यांवर लेकराला उतरवायची सोय नाही.

राहता राहिलं माथेरान. नाव काढलं की आमची मंडळी नाक मुरडतात. ‘हे काय, नेरळला तर उतरायचं!’ अगदी तेच. उल्हासनगर स्टेशनातून कर्जत लोकल पकडली की अंबरनाथ, बदलापूर, वांगणी, शेलू आणि पाचवं नेरळ. पाऊण तासाच्या आत माणूस डोंगराच्या पायथ्याशी. आम्हा कॅम्प एकवाल्यांना शहाड स्टेशन जवळ पडतं, पण शहाड आहे कसाऱ्याच्या फाट्यावर. तिथून गेलं तर कल्याणला गाडी बदलावी लागते, आणि मूल, पिशव्या घेऊन कल्याणचा पूल चढणं हे काम शत्रूलाही सांगू नये. सरळ रिक्षा करून उल्हासनगर किंवा विठ्ठलवाडी गाठावं. रिक्षाचे जे पैसे जातील ते सत्कारणी लागले समजावं. सकाळच्या वेळी मुंबईकडे जाणाऱ्या गाड्यांत श्वास घ्यायला जागा नसते, आपण मात्र उलट्या दिशेने चाललेले असतो. खिडकी मिळते. बदलापूर सुटलं की उजव्या हाताच्या खिडकीतून डोंगराची रांग दिसू लागते.

माथेरानचं मोठेपण असं, की तिथे मोटार जात नाही. दस्तुरी नाक्याला वाहनं थांबतात. पुढे गावात रुग्णवाहिका आणि अग्निशमनाची गाडी सोडली, तर पूर्वापार माणसाचे पाय, घोडा, हातरिक्षा आणि छोटी रेल्वे एवढंच. केंद्र सरकारने २००३ मध्ये माथेरान आणि भोवतालचा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केला, त्यामुळे या बंदीला कायद्याचंही बळ आहे. डिसेंबर २०२२ मध्ये न्यायालयाच्या परवानगीने मोजक्या ई-रिक्षांचा प्रयोग सुरू झाला, तेवढा अपवाद. तरीही आपल्या शहराशी तुलनाच नाही. माझ्या मुलीची दोन मुलं, एक साडेतीन वर्षांचा आणि एक दीड वर्षाची, यांना घेऊन आम्ही तिथे गेलो तेव्हा पहिला अर्धा तास माझी मुलगी सवयीने मुलाचं मनगट घट्ट धरून चालत होती. मग तिच्या लक्षात आलं की मागून काही येतच नाही. तिने हात सोडला. पोरगा दहा पावलं पळाला, थांबला, मागे वळून पाहिलं, कुणी ओरडत नाही असं दिसल्यावर लाल मातीत बसकण मारली आणि मूठ भरून माती डोक्यावर घेतली. ते कपडे पुढे तीन वेळा धुतले तरी त्यांचा रंग गेला नाही. माथेरानची माती जांभ्या दगडाची आहे. पांढरे कपडे नेऊ नयेत.

इंग्रजांनी ही ठिकाणं वसवली त्यामागेही मुलांची काळजी होतीच. मैदानी उन्हाळ्यात त्यांची बायका-मुलं आजारी पडायची, म्हणून उन्हाळा आला की त्यांना डोंगरावर धाडायचे. पाचगणीला पुढे शाळांचं गाव झालं त्याचं मूळ इथेच. माथेरान हेरलं ते ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी, मे १८५० मध्ये. कल्याणवरून खोपोलीकडे जाणारी रेल्वे १८५६ मध्ये सुरू झाली, त्यामुळे नेरळपर्यंत यायची सोय झाली. पुढचा डोंगर मात्र साहेब घोड्यावरून आणि मडमा-मुलं पालखीतून चढायची. पालखी अर्थातच आपल्या माणसांच्या खांद्यावर. मग सर आदमजी पीरभाई या मुंबईच्या बोहरी व्यापाऱ्याच्या घराण्याने या डोंगरावर रेल्वे न्यायचं मनावर घेतलं. त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी १९०४ ते १९०७ या काळात ती बांधून घेतली. खर्च आला सोळा लाख रुपये, त्या काळचे. दोन फुटी रुळांची ही गाडी एकवीस किलोमीटरचा वळणावळणांचा डोंगर चढते, वाटेत जुम्मापट्टी, वॉटर पाइप आणि अमन लॉज ही स्टेशनं. माथेरानच्या पॉइंटांना लुईसा, अलेक्झांडर, गार्बट अशी साहेबांची नावं आहेत. पण साहेबांच्या मुलांना आणि आता आपल्याही मुलांना वर नेणारी गाडी काठियावाडातल्या एका मुसलमान घराण्याच्या पैशाने झाली, हे मला आवर्जून सांगावंसं वाटतं.

आता व्यवहाराचं बोलू. वर जायच्या दोन तऱ्हा. नेरळहून छोटी गाडी थेट माथेरानला जाते. तिला दोन तासांहून जास्त वेळ लागतो. दुसरी म्हणजे नेरळ स्टेशनबाहेरून सीटवर टॅक्सी घेऊन अर्ध्या तासात दस्तुरी, तिथून जरा चाललं की अमन लॉज स्टेशन, आणि तिथून शटल गाडीने पंधरा-वीस मिनिटांत बाजारपेठेजवळच्या माथेरान स्टेशनात. छोट्या गाडीचं सगळ्यांनाच आकर्षण. पण सकाळी घरून निघालेलं, लोकलमध्ये झोप मोडलेलं मूल पुन्हा दोन तास लाकडी बाकावर बसत नाही हो! माझा सल्ला असा, की जाताना टॅक्सी आणि शटल. येताना जमलं तर पूर्ण छोटी गाडी. येताना मूल दमलेलं असतं, गाडी डुलते, ते झोपतं, आणि मोठ्यांना दरी निवांत बघायला मिळते. ज्या मुलाला घाटात ओकारी होते त्याच्यासाठी मात्र जातानाही गाडीच बरी, कारण टॅक्सीचा चढ उभा आणि वळणं तीव्र आहेत. छोट्या गाडीची तिकिटं नेरळच्या खिडकीवर त्याच दिवशी, गाडीच्या थोडं आधी मिळतात आणि डबे मोजके. घरातल्या एका दणकट माणसाने आधीच्या लोकलने पुढे जाऊन रांगेत उभं राहावं. मुलांना रांगेत ताटकळवू नये.

दस्तुरीला माणशी प्रवेश कर भरावा लागतो. तिथेच काही दलाल गाठतात. ‘गाडी बंद आहे, चालत दोन तास लागतील, मुलं आहेत तुमच्याबरोबर, घोडा घ्या.’ मुलं बघून त्यांना जोर चढतो. या फसवणुकीला कंटाळून मार्च २०२५ मध्ये माथेरानच्या लोकांनी स्वतःच गाव बंद ठेवलं होतं. तेव्हा स्टेशनच्या खिडकीपर्यंत जाऊन आपण विचारावं. नाहीच मिळाली गाडी, तर बाजारपेठ दस्तुरीपासून सुमारे अडीच-तीन किलोमीटर आहे. झाडांच्या सावलीतला रस्ता, फारसा चढ नाही. प्रामाणिक घोडेवाले पुष्कळ आहेत आणि त्यांचं पोट त्यावरच आहे, पण तीन वर्षांखालच्या मुलाला घोड्यावर बसवू नये, मोठ्या माणसाच्या पुढ्यात घेऊनसुद्धा. घोडा बिथरला तर आधी आपण सावरतो, मग मूल. घोडा लांबून दाखवावा, तेवढ्यानेही मुलाचा दिवस साजरा होतो.

हातरिक्षाचा प्रश्न माझ्या मनाला लागतो. म्हातारी माणसं आणि लहान मुलं असली की एकाने पुढून ओढायची आणि दुसऱ्याने मागून ढकलायची ती गाडी करणं सोपं वाटतं. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये ही प्रथा सहा महिन्यांत बंद करावी आणि ती ओढणाऱ्यांचं पुनर्वसन करावं असा आदेश दिला. ई-रिक्षा त्यांच्याच हाती याव्यात अशी मागणी गावातून होत आली आहे. पालखीचे भोई गेले तेव्हा त्यांना कुणी विचारलं नव्हतं. यांना विचारलं जावं. आपण जाताना ई-रिक्षा कुठून कुठपर्यंत चालतात याची चौकशी करावी. मूल तापलेलं असेल किंवा पाऊस आला, तर तिचा फार आधार होतो.

माथेरानला एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवायची: तिथे प्रत्येक वस्तू खालून वर चढून येते. दूध, भाजी, पाण्याची बाटली, गॅसचा सिलिंडर, सगळं घोड्याच्या पाठीवरून किंवा हातगाडीवरून येतं आणि चढाची मजुरी किमतीत मिळते. त्यात दुकानदाराचा लोभ नाही, डोंगराचा भाव आहे. म्हणून मुलाचं खाणं घरून न्यावं. भाजणीचं पीठ, नाचणीचं सत्त्व, मुरमुरे, दुधाची पावडर, मूगडाळ-तांदळाची भरड. लॉजवाल्याकडून गरम पाणी मागून घेतलं की खिमटी होते. मोठ्यांसाठी दशम्या असतात, पण आमच्या शेजारणीने दिलेली सिंधी कोकी त्याहून टिकली. कणकेत कांदा, जिरं घालून तूप-तेलावर जाडसर भाजलेली ही पोळी, सिंधी घरांत प्रवास म्हटला की हीच निघते. गोड लोलाही दोन-तीन दिवस टिकतो आणि मुलं तो हातात धरून चघळत बसतात. फक्त माकडांसमोर नाही. माथेरानची माकडं हातातला खाऊ ओढून घेतात, आणि मूल घाबरून पडतं ते दुखणं माकडाच्या नखापेक्षा मोठं असतं. खाऊ खोलीत द्यावा, बाहेर पिशवीत बंद.

बाबागाडी नेऊ नये. काही रस्त्यांवर पेव्हर ब्लॉक घातले आहेत, पण बाकी वाट मातीची, दगडगोट्यांची. तिथे ओढणीने पाठीशी बांधलेलं मूल बरं. गावाची उंची साधारण आठशे मीटर. दर शंभर मीटर चढलं की हवा अर्धा-पाऊण अंशाने गार होते, म्हणजे कल्याणपेक्षा तिथे चार-पाच अंश कमी. दुपारी ते सुखाचं वाटतं, रात्री डिसेंबरात हुडहुडी भरते. टोपरं आणि पायमोजे विसरू नयेत. गावात छोटं रुग्णालय आहे, तरी तापाचं औषध आणि मीठ-साखरेच्या पाण्याची पाकिटं आपली आपण न्यावीत.

राहायचं तर दोन रात्री. एका रात्रीत जाणं-येणंच होतं आणि मूल नव्या जागी रडत जागतं; दुसऱ्या रात्री ते स्थिरावतं. प्रवासखर्च दोन्हीला तेवढाच. मोठ्या हॉटेलांच्या नादी न लागता गावातल्या घरगुती लॉजमध्ये खोली पाहावी आणि फोनवर तीनच प्रश्न विचारावेत: खोली तळमजल्यावर आहे का, गरम पाणी किती वाजेपर्यंत असतं, आणि खोली सोडायची वेळ कोणती. काही ठिकाणी सकाळी लवकरच खोली रिकामी करावी लागते आणि मग मूल मांडीवर घेऊन दुपार काढायची वेळ येते.

वर गेल्यावर पॉइंट मोजू नयेत. तीसपेक्षा जास्त पॉइंट आहेत आणि घोडेवाला त्यांची यादी पाठ म्हणून दाखवतो. मुलांना घेऊन जायचं तर बाजाराजवळचं पेमास्टर पार्क, आणि सकाळच्या उन्हात शार्लट तलावापर्यंतची झाडीतली वाट. कड्यावरच्या पॉइंटांवर सगळीकडे कठडे नाहीत. तिथे हात सोडण्याचा माझा उपदेश मागे घेतला आहे असं समजा. बाजारात चपला आणि चिक्की घ्यावी. चिक्की मुलांना देऊ नये, घशात अडकते.

आणि पावसाळ्यात नको. धुकं, धबधबे हे सगळं तरुणांसाठी. २६ जुलै २००५ च्या पावसात या छोट्या गाडीचा मार्ग इतका वाहून गेला की ती पुन्हा सुरू व्हायला मार्च २००७ उजाडला. २०१९ च्या पावसाने पुन्हा रूळ उखडले, तेव्हा नेरळहून थेट गाडी ऑक्टोबर २०२२ मध्येच सुटली. त्याच २०१९ च्या जुलैत बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बोटींतून बाहेर काढावं लागलं. ही आपलीच वाट. उल्हास नदी याच रुळांच्या सोबतीने येते आणि पावसाळ्यात ती कुणाचं ऐकत नाही. पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज गाडी बंदच असते. दिवाळीची गर्दी ओसरली की फेब्रुवारीपर्यंतचे दिवस मुलांसाठी उत्तम.

परतताना नेरळला लोकल पकडायची ती संध्याकाळची गर्दी होण्याआधी. येताना रिकामी मिळालेली खिडकी जाताना मिळेलच असं नाही. मूल झोपलेलं असेल, तर एकाने फक्त मूल घ्यावं आणि दुसऱ्याने फक्त सामान. डबा आणि फलाट यांच्यातली फट मोठी असते, आणि उल्हासनगरला गाडी फार वेळ थांबत नाही.